बेवारस पिशवी आणि माझा एक फॉरवर्ड

वाचकहो, आज एक कबुली द्यायची आहे. ती देताना थोडी माहितीही सांगणार आहे, कारण ती माहिती मला आधी असती तर ही कबुली द्यायची वेळच आली नसती.

आम्ही मूळचे सोलापूरचे. यांची बँकेत बदली झाली म्हणून १९९९ मध्ये बेंगळुरूला आलो आणि इथलेच झालो. सोलापूरकर असल्यामुळे कन्नड कानावर होतेच, इथे आल्यावर जिभेवरही आले. आता हे निवृत्त झाले आहेत. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. नात तिसरीत होती तेव्हाची ही गोष्ट. तिला सकाळी शाळेच्या बसमध्ये बसवायचे काम माझे.

१ डिसेंबर २०२३, शुक्रवार. नातीला बसमध्ये बसवून आले, चहा टाकला आणि मोबाइल हातात घेतला. इमारतीच्या ग्रुपवर एकापाठोपाठ एक मेसेज येत होते. शहरातल्या शाळांना बॉम्बच्या धमकीचे ईमेल आले होते. आधी पंधरा शाळा म्हणत होते, मग चाळीस झाल्या. शेवटी तो आकडा साठच्या वर गेला. टीव्ही लावला, तर मुलांना शाळांच्या मैदानात आणून बसवल्याची दृश्ये दिसत होती.

तेवढ्यात एक मेसेज आला. त्यात आमच्या नातीच्या शाळेचे नाव होते आणि 'एक बॉम्ब सापडला आहे' असे लिहिले होते. कोणी लिहिले, कुठून आले, काही नव्हते. वर फक्त 'बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण होती. ती मी पाहिलीसुद्धा नाही. हात थरथरत होते. मी तो मेसेज तीन ग्रुपवर पाठवला. त्यातला एक नातीच्या वर्गाच्या पालकांचा ग्रुप होता. आणि वाचकहो, खरी गोष्ट ही, की खाली माझ्या मनाचे एक वाक्य इंग्रजीत जोडले: 'बातमी पक्की आहे, लगेच निघा.'

पक्की कशावरून? कशावरूनच नाही. मला भीती वाटली होती, एवढीच काय ती पक्की गोष्ट होती.

शाळेच्या गल्लीत

रिक्षा करून निघाले. शाळेच्या अलीकडच्या चौकातच रिक्षा अडकली. पुढे नुसत्या गाड्या. पालकांनी जिथे जागा मिळेल तिथे गाडी उभी केली होती आणि दारे उघडी टाकून धावत सुटले होते. मी उतरून चालू लागले.

गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची एक व्हॅन अडकली होती. सायरन वाजत होता, ड्रायव्हर हात बाहेर काढून गाड्या बाजूला घ्यायला सांगत होता, पण त्या गाड्यांचे मालक तिथे होतेच कुठे? दोन-तीन मिनिटे वाट पाहून मागचा दरवाजा उघडला. एक पोलीस उतरला, त्याच्या हातात पट्टा आणि पट्ट्याला एक लॅब्राडोर. त्याच्यामागे दोघे जण अवजारांच्या पेट्या घेऊन उतरले. त्या गर्दीतून वाट काढत, 'जागा बिडी, जागा बिडी' असे ओरडत ते शाळेकडे निघाले. कुत्रा बिचारा माणसांच्या पायांमधून अंग चोरत चालला होता.

फाटकाशी पोहोचले. तिथे एक तरुण आई रडत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिने मला मोबाइल दाखवला. "आंटी, बघा ना, बॉम्ब सापडलाय." स्क्रीनवर तो मेसेज होता. आणि त्याच्याखाली माझे वाक्य होते. शब्दही तेच आणि घाईत झालेली स्पेलिंगची चूकही तीच.

ती मला ओळखत नव्हती. तिच्यापर्यंत तो कोणाकडून आला, देव जाणे. मी काही बोलले नाही. तोंडातून शब्दच फुटला नाही.

दुपारपर्यंत सगळी शाळा तपासून झाली. काहीही सापडले नाही. त्या दिवशी शहरातल्या कुठल्याच शाळेत काही सापडले नाही, ती धमकी पोकळ निघाली. नात हसतखेळत घरी आली. पण आमच्याच गल्लीत राहणारी, तिच्या वर्गातल्या एका मुलाची आई त्या धावपळीत स्कूटरवरून पडली आणि तिचे मनगट मोडले. तिच्या फोनवरही तोच मेसेज गेला होता. माझा.

बाकावरची शिकवणी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. बेळगावकडचे, घरात मराठी बोलणारे. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीतली काही वर्षे त्यांनी बॉम्ब पथकाबरोबर श्वान सांभाळण्यात घालवली होती. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला अक्का म्हणतात. त्यांना प्रसिद्धी नको, म्हणून नाव लिहीत नाही.

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खाली बाकावर बसले होते, तिथे जाऊन सगळे सांगून टाकले. वाटले, रागावतील. ते एवढेच म्हणाले, "बसा की ओ अक्का. बॉम्बची भीती सगळ्यांना असतीया. आमाला बॉम्बपेक्षा गर्दीची भीती जास्त."

मग त्यांनी जे सांगितले, ते मी तुम्हाला सांगते.

कन्नडमध्ये या पथकाला 'बाँब निष्क्रिय दळ' म्हणतात. आपल्याकडे महाराष्ट्रात नाव आहे 'बॉम्बशोधक व नाशक पथक'. सिनेमामुळे आपल्याला वाटते, की यांचे काम म्हणजे लाल वायर कापायची की निळी. प्रत्यक्षात या नोकरीतला बहुतेक वेळ शोधण्यात जातो, आणि शोधून काही न सापडण्यात जातो. प्रजासत्ताक दिनाआधी माणेकशॉ परेड मैदान, क्रिकेट सामन्याआधी चिन्नास्वामी स्टेडियम, मंत्र्यांच्या सभेआधी व्यासपीठ, येलहंक्याला विमानांचे प्रदर्शन असले की तो परिसर, गणपतीत मोठे मांडव. आपण जाऊन बसतो त्या खुर्च्यांखालून आधी कोणीतरी आरसा आणि यंत्र फिरवून गेलेले असते. काही सापडले नाही, तर त्या दिवसाची बातमी होत नाही. त्यांच्या दृष्टीने तोच चांगला दिवस.

शाळेसारखी इमारत तपासायची, तर आधी माणसे बाहेर काढायची. बाहेर म्हणजे फाटकाशी नव्हे. काचेच्या खिडक्यांपासून आणि उभ्या गाड्यांपासून लांब, मोकळ्या जागी. मग खोल्या तपासायच्या. त्याचीही रीत आहे. खोलीत शिरल्यावर आधी गप्प उभे राहून कान द्यायचा. मग जमिनीपासून कंबरेपर्यंत एक फेरी, कंबरेपासून डोक्यापर्यंत दुसरी, डोक्यापासून छतापर्यंत तिसरी. अंदाजाने इकडेतिकडे बघणे नाही.

मला सर्वांत आवडली ती गोष्ट वेगळीच. भाऊ म्हणाले, पथक पोहोचले की सगळ्यात जास्त उपयोग मुख्याध्यापकांचा होत नाही, शिपायाचा आणि झाडूवाल्या आयाचा होतो. कुठला डबा रोजचा, कुठली पिशवी नवी, कुठले कपाट कधी उघडतच नाहीत, हे त्यांनाच ठाऊक असते. पथकाला इमारत अनोळखी असते, त्यांना तिचा कोपरान्कोपरा माहीत असतो.

काही संशयास्पद दिसलेच, तर पहिला नियम म्हणजे हात लावायचा नाही. दुसरा, जवळ मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरायचा नाही. परिसर रिकामा करायचा, दोरी बांधून लोकांना लांब ठेवायचे, आणि मग एकच माणूस पुढे जातो. त्याच्या अंगावरचा जाडजूड सूट पस्तीस किलोच्या आसपास असतो. बेंगळुरूच्या हवेतसुद्धा तो घालून पाच-दहा मिनिटांत माणूस घामाने निथळतो. शक्य असेल तर लांबूनच एक्स-रे काढून आत काय आहे ते बघतात. आकडा आणि लांब दोरी वापरून वस्तू दुरूनच हलवतात. आणि बऱ्याचदा वायर कापतच नाहीत. एका नळीतून पाण्याचा अतिशय वेगवान फवारा त्या वस्तूवर मारतात. स्फोट व्हायच्या आतच आतली जोडणी उधळून जाते. पाण्याने एवढे काम होते, हे मला पहिल्यांदाच कळले.

"आणि अक्का," भाऊ म्हणाले, "कुत्रं वीस-तीस मिंटं मन लावून काम करतंय. मग त्याला विश्रांती लागती. त्या दिवशी तुमच्या गल्लीत ते माणसांच्या पायातनं चाललं. शाळेत शिरायच्या आधीच दमलं असणार."

हे ऐकून मी खाली मान घातली. त्या एका सकाळी साठहून अधिक शाळा होत्या. एक पथक एका वेळी एकाच शाळेत असू शकते. आमच्या गल्लीत वाया गेलेली मिनिटे पुढच्या शाळेच्या वाट्याची होती.

ही पथके आली कुठून?

त्यानंतर मला वाचायचा नादच लागला. नातीच्या अभ्यासाच्या वेळी मी शेजारी बसून हेच वाचत असे. त्यातले थोडे तुमच्यासाठी.

इंग्लंडमध्ये १८७५ साली स्फोटकांचा कायदा झाला. तो घडवण्यात व्हिव्हियन मॅजेंडी या लष्करी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. १८८४ मध्ये लंडनच्या रेल्वे स्थानकांवर घड्याळ जोडलेल्या बॉम्बच्या बॅगा ठेवल्या गेल्या. एक फुटली, काही फुटल्या नाहीत. न फुटलेल्या बॉम्बची तपासणी याच मॅजेंडींनी केली. म्हणजे स्थानकावरची बेवारस बॅग ही काही आजची गोष्ट नाही.

न्यूयॉर्कच्या पोलिसांत १९०३ च्या सुमारास जोसेफ पेट्रोसिनो या अधिकाऱ्याने इटालियन बोलणाऱ्या पोलिसांची एक छोटी तुकडी उभी केली. इटालियन दुकानदारांकडून खंडणी उकळायला गुंड बॉम्ब वापरत. त्या तुकडीतूनच पुढे तिथले बॉम्ब पथक तयार झाले. ४ जुलै १९४० ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात, ब्रिटिश दालनात एक टिकटिकणारी बॅग सापडली. ती गर्दीपासून लांब नेली. दोन पोलीस अधिकारी ती तपासत असतानाच स्फोट झाला आणि दोघेही गेले. त्यानंतर तिथे पोलादी दोरांच्या विणीने झाकलेली, बॉम्ब वाहून नेणारी खास गाडी बनवण्यात आली. आज पथकांकडे जे जाड पोलादी गोळ्यासारखे भांडे असते, ते त्याच विचाराचे पुढचे रूप. या कामातले जवळजवळ प्रत्येक अवजार कोणाच्या तरी मरणानंतर सुधारलेले आहे.

आपल्याकडचा स्फोटक पदार्थांचा कायदा १९०८ चा. मुझफ्फरपूरच्या बॉम्ब प्रकरणानंतर इंग्रजांनी तो घाईने आणला. त्याच प्रकरणावर 'केसरी'त लिहिलेल्या अग्रलेखांबद्दल लोकमान्य टिळकांना त्याच वर्षी सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले. शाळेत मंडाले पाठ केले होते, पण त्या वर्षीचा तो कायदा आजही पोलीस वापरतात हे माहीत नव्हते.

माझ्या वयाच्या वाचकांना १९८५ आठवत असेल. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत आणि उत्तर भारतात ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेले बॉम्ब फुटले. तेव्हापासून आपल्या एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्थानकांवर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना आपण ऐकत आलो. १९८८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा दलाने बॉम्बविषयक माहितीचे राष्ट्रीय केंद्र सुरू केले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्या कटातले मुख्य आरोपी ऑगस्टमध्ये सापडले ते आमच्या बेंगळुरूतच, कोणनकुंटे भागातल्या एका घरात. पोलिसांनी घर वेढल्यावर त्यांनी जीव दिला. आमच्या घरापासून ते काही फार लांब नाही. मी आता तिथून भाजी आणते.

आणि मुंबईचे १२ मार्च १९९३. २५७ माणसे गेली. त्यानंतरच्या दिवसांत शहरात आणखी स्फोटके लपवलेली होती आणि ती शोधणाऱ्यांत 'जंजीर' नावाचा एक लॅब्राडोर होता. पुण्यात शिकून तयार झालेला, अमिताभच्या सिनेमाचे नाव मिळालेला. धनजी स्ट्रीटवर उभी असलेली आरडीएक्सने भरलेली स्कूटर त्याने हेरली. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधल्याची नोंद आहे. २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. एका मुक्या जनावराने किती माणसांच्या घरचे दिवे विझू दिले नाहीत, कोण मोजणार?

अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट आपल्या पुण्याची. दिघी इथल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने 'दक्ष' नावाचा रोबो बनवला आहे. तो जिने चढतो, वस्तूचा एक्स-रे काढतो आणि पाण्याचा फवारा मारून बॉम्ब निकामी करू शकतो. माणूस लांब सुरक्षित जागी बसून त्याला चालवतो.

आमचे शहर

बेंगळुरू म्हणजे बगिचे, फिल्टर कॉफी आणि कॉम्प्युटर, अशीच बाहेरच्यांची कल्पना असते. पण या शहरानेही सोसले आहे.

२५ जुलै २००८ ला दुपारी एकामागून एक आठ-नऊ लहान स्फोट झाले. मडिवाळाच्या बसथांब्यावर एका बाईचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी कोरमंगलातल्या मोठ्या मॉलजवळ न फुटलेला बॉम्ब सापडला आणि पथकाने तो निकामी केला. त्या संध्याकाळी बातम्या बघताना मी फक्त 'बरे झाले' म्हणाले होते आणि पोळ्या लाटायला गेले होते. तो बॉम्ब निकामी करणाऱ्या माणसाच्या घरी त्या वेळी कोण पोळ्या लाटत असेल, हा विचार मनात आला नाही.

१७ एप्रिल २०१० ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर स्फोट झाले. बेंगळुरू विरुद्ध मुंबई असा सामना होता आणि आमचा मुलगा सचिनला बघायला मित्रांबरोबर आत जाऊन बसला होता. बाहेर डझनाहून अधिक माणसे जखमी झाली. परिसरात न फुटलेले बॉम्बही मिळाले. सामना तासभर उशिरा का होईना, झाला, पण पुढचे उपांत्य सामने नवी मुंबईला हलवले गेले. मुलाचा फोन लागेपर्यंतचा तो तास मी देवापुढे बसून काढला. २०१३ मध्ये मल्लेश्वरमला स्फोट झाला. २८ डिसेंबर २०१४ ला रविवारच्या गर्दीत चर्च स्ट्रीटवर झाला, त्यातही एक बाई गेली.

अशा प्रत्येक ठिकाणी स्फोटानंतर लोक पळून लांब जातात, आणि पथक आत जाते. कारण दुसरा बॉम्ब असू शकतो. जखमींना उचलायला आलेल्या डॉक्टर-पोलिसांना धोका नको, म्हणून ती जागा आधी तपासावी लागते. भाऊंना मी विचारले, भीती वाटत नव्हती का? ते म्हणाले, "वाटायची की. पण घरात सांगायचं नाही. बायकोला म्हणायचं, बंदोबस्ताला चाललोय."

त्यांची बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आणि मला काय कळत नव्हतं होय?"

दुसरी परीक्षा

वाचकहो, आता १ मार्च २०२४ कडे येते. पुन्हा शुक्रवारच होता. त्या शाळांच्या प्रकाराला बरोबर तीन महिने झाले होते.

दुपारी एकच्या सुमाराला ब्रुकफील्डच्या रामेश्वरम कॅफेत स्फोट झाला. आमच्या मुलाचे ऑफिस तिथून जवळ, कुंदलहळ्ळीला. महिन्यातून दोनदा तरी तो त्या कॅफेत डोसा खायला जायचा. मेसेज यायला सुरुवात झाली. पहिला म्हणाला सिलिंडर फुटला. दुसरा म्हणाला बॉम्ब. तिसऱ्यात मेलेल्यांचा आकडाच दिला होता. चौथ्यात शहरातल्या आणखी तीन जागांची नावे होती.

मी मुलाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही. खाली बोट 'फॉरवर्ड'च्या बाणावर होते. खरे सांगते, तो बाण दाबला की काहीतरी केल्यासारखे वाटते. हातावर हात ठेवून बसणे फार कठीण. मी मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसले. दर पाच मिनिटांनी फक्त त्याचा नंबर लावायचा, बाकी काही नाही, असे स्वतःला बजावले. वीस मिनिटांनी त्याचाच फोन आला. मीटिंगमध्ये होता. डबा खाल्ला होता, माझ्याच हातचा.

त्या दिवशीचा स्फोट खरा होता. कोणीतरी गिऱ्हाईक होऊन आला आणि बॅग ठेवून निघून गेला. दहाच्या आसपास माणसे जखमी झाली, सुदैवाने कोणी दगावले नाही. सुरुवातीला सिलिंडर वाटलेली गोष्ट पथकाने आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांनी पाहिल्यावर बॉम्बच निघाली. पण मेलेल्यांचा तो आकडा आणि ती तीन ठिकाणे, सगळे खोटे होते. पुढे तपास एनआयएकडे गेला आणि एप्रिलमध्ये संशयित पकडले गेले. आठवड्याभरात कॅफे पुन्हा उघडला आणि लोक रांगेत उभे राहिले.

तेव्हा मला समजले, की डिसेंबरमध्ये धमकी खोटी होती आणि मार्चमध्ये बॉम्ब खरा होता, पण माझे काम दोन्ही वेळा एकच होते. खरे-खोटे ठरवणे हे माझे कामच नव्हते. ते ज्यांचे आहे, त्यांची वाट मोकळी ठेवणे एवढेच माझ्या हातात होते. गल्लीतली वाट आणि फोनवरचीही.

मनगट मोडलेली आई

एक काम उरले होते. स्कूटरवरून पडलेल्या त्या मुलीकडे मी डिसेंबरमध्ये दोनदा डबा घेऊन गेले होते. एकदा पुरणपोळ्या, एकदा भाकरी आणि शेंगाचटणी. ती दर वेळी म्हणायची, "आंटी, तुम्ही किती चांगल्या आहात." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे, पण सांगायचे धाडस झाले नाही.

मार्चच्या त्या दिवसानंतर गेले आणि सांगून टाकले. तो मेसेज वर्गाच्या ग्रुपवर मी टाकला होता, ते 'पक्की' माझे होते, तुझे मनगट माझ्यामुळे मोडले.

ती बराच वेळ गप्प राहिली. प्लास्टर निघाले होते, पण मनगट अजून पूर्ण वळत नव्हते. ती ते दुसऱ्या हाताने चोळत बसली. मला वाटले, आता ही उठून दार दाखवणार. मग ती म्हणाली, "आंटी, मी तो वाचला आणि स्कूटर काढायच्या आधी आठ जणांना पाठवला."

आम्ही दोघी काही बोललो नाही. तिने कॉफी केली. डाव्या हाताने गाळताना थोडी सांडली, ती मी पुसली.

त्या रात्री मी वर्गाच्या ग्रुपवर लिहिले, की डिसेंबरचा तो मेसेज मी खात्री न करता टाकला होता, मला माफ करा. दोन जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. एक जण रागावले, आणि ते बरोबरच होते. बाकीचे गप्प राहिले.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी, भाऊंकडून शिकलेल्या.

बेवारस पिशवी, डबा, बॅग दिसली तर हात लावू नका, लाथ मारून बघू नका, तिच्यावर पाणी ओतू नका. लांब व्हा, इतरांना लांब करा आणि ११२ वर फोन करा. फोनही त्या वस्तूपासून लांब जाऊन करा. कुठे आहे, कशी दिसते, केव्हापासून आहे, एवढे शांतपणे सांगा.

मुलांच्या शाळेत असे काही झाले, तर शाळेच्या अधिकृत निरोपाची वाट बघा. आणायला जावेच लागले, तर गाडी लांब लावून चालत जा. गल्ली मोकळी ठेवा. तिथून व्हॅन यायची असते.

आपली बॅग स्टँडवर, देवळात, हॉटेलात विसरू नका. तुमच्या विसरलेल्या डब्यासाठी कोणाला तरी पस्तीस किलोचा सूट अंगावर चढवावा लागतो.

आणि मेसेज. तो कोणाकडून आला, हे सांगता येत नसेल, तर तुमच्यापाशीच थांबू द्या.

शेवटी नातीचे सांगते. त्या डिसेंबरच्या शुक्रवारी ती घरी आली तेव्हा बॉम्बचे तिला काहीच नव्हते. तिच्या डोक्यात फक्त कुत्रा होता. मैदानात बसलेल्या सगळ्या मुलांसमोरून तो गेला म्हणे, आणि मॅडमनी हात लावू दिला नाही. पुढे एका संध्याकाळी तिने भाऊंना बाकावर गाठले आणि विचारले, "अंकल, कुत्र्याला भीती वाटत नाही का?"

भाऊ म्हणाले, "नाही गं बाळ. त्याला वाटतंय खेळ चाललाय. सापडलं की गुपचूप खाली बसायचं, मग चेंडू मिळतोय."

"मग भीती कोणाला वाटते?"

भाऊ हसले. "पट्टा धरलेल्या माणसाला."

नातीने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग त्यालापण चेंडू द्यायला पाहिजे."